तिथीपलीकडचा अतिथी

'अतिथी' या शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने एकाहून अधिक प्रकारे सांगितली आहे. 'अत्' म्हणजे सतत चालणे, भटकणे या धातूशी भाषाभ्यासक तिचा संबंध जोडतात. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असे लोकमानस समजते. आणि मनुस्मृती तिसरेच काही सांगते. ज्याचे राहणे नित्य नाही, जो एकच रात्र राहतो, तो अतिथी. या तिन्हींत स्मृतिकाराची व्याख्या सर्वांत व्यवहारी आहे. येणारा कोण, कोठला, कशासाठी आला, यापेक्षा तो जाणार केव्हा, याकडे तिचे लक्ष आहे.

ही मर्यादा केवळ एका स्मृतीपुरती नाही. संन्याशाने खेड्यात एक रात्र आणि नगरात पाच रात्री, याहून अधिक राहू नये, असा दंडक यतिधर्माच्या ग्रंथांत आढळतो. बौद्ध भिक्षूला वर्षावासाचे तीन महिने सोडले तर एका जागी ठाण मांडण्याची मुभा मुळात नव्हती. इस्लामी परंपरेत पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा मानला जातो. त्यानंतर यजमान जे देईल ते दान. मराठी म्हण तर तिसऱ्या दिवशीही न हललेल्या पाहुण्याची अक्कलच काढते. एकमेकांशी फारसे न बोललेल्या इतक्या परंपरांनी एकाच ठिकाणी रेघ ओढावी, याला कारण असले पाहिजे. आतिथ्य उदार असते, कारण ते थोडक्यात आटोपते. घरातले उत्तम ते पाहुण्यापुढे ठेवता येते, कारण उद्या ते पुन्हा ठेवायचे नसते. पाहुण्याची प्रतिष्ठा त्याच्या जाण्यात असते, आणि तो जाणार आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र असा एक प्रवासी उदयाला आला, की ज्याने न जाण्यालाच सद्गुण मानले. तो एकटा असतो, पैसे बेताने खर्च करतो, प्रसिद्ध स्थळे टाळतो आणि आशियातल्या एखाद्या आडगावी आठवडा, पंधरवडा, कधी महिनाही राहतो. बसने जाणे शक्य असेल तेथे तो होडीने जातो. होडीने जाणे शक्य असेल तेथे पायी. 'आम्ही पर्यटक नव्हे, प्रवासी' हे त्याचे आवडते वाक्य. पर्यटक पाहतो आणि निघून जातो. हा राहतो, म्हणून त्याला कळते. पर्यटक पैसे फेकतो. हा साधेपणाने राहतो, म्हणून तो स्थानिकांच्या जवळ जातो. पर्यटक कळपाने हिंडतो. हा एकटा असतो, म्हणून माणसे त्याच्यापुढे मन मोकळे करतात. संथपणा, काटकसर आणि एकटेपणा ही त्रयी त्याच्या लेखी केवळ प्रवासाची पद्धत नसून एक नैतिक भूमिका आहे. ती भूमिका खरोखर कितपत टिकते, हे तपासून पाहण्याजोगे आहे. कारण या प्रवाशाला उपहासाने उडवून लावणे जितके सोपे, तितकेच त्याच्या स्वतःविषयीच्या समजुतीवर विश्वास ठेवणेही सोपे आहे.

हे तपासायचे तर एखादे खरे ठिकाण समोर हवे. उत्तर लाओसमधील नाम ऊ नदीचे खोरे त्यासाठी सोयीचे आहे. चीनच्या युन्नान प्रांताच्या सीमेवर फोंगसालीच्या डोंगरांत उगम पावून, सुमारे साडेचारशे किलोमीटर दक्षिणेस वाहत येऊन ही नदी लुआंग प्रबांगच्या थोडे वर, पाक ऊ येथे, मेकाँगला मिळते. संगमासमोरच्या कड्यातील गुहांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाविकांनी आणून ठेवलेल्या बुद्धमूर्तींची दाटी आहे. येथून वर जावे तसे चुनखडीचे उभे कडे नदीला दोन्ही बाजूंनी दाबू लागतात. नोंग ख्याव, मुआंग न्गोय, मुआंग खुआ, हात सा अशी गावे नदीच्या काठाने लागतात. ल्यू, खमू, आखा, फुनोय अशा अनेक समाजांची वस्ती या काठांवर आणि वरच्या डोंगरउतारांवर आहे. रस्ते नव्हते तेव्हा नदी हाच रस्ता होता. अरुंद, लांब, पत्र्याचे वा लाकडाचे छप्पर असलेल्या होड्या भाताची पोती, कोंबड्या, शाळेची मुले आणि आजारी माणसे घेऊन वरखाली जात.

१९७५च्या राज्यक्रांतीनंतर लाओस बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. १९९०च्या सुमारास दारे किलकिली झाली, १९९५मध्ये लुआंग प्रबांग जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले, आणि त्याच्या पाठोपाठ पाठीवर पिशवी टाकलेले परदेशी तरुण नाम ऊच्या होड्यांत दिसू लागले. त्यांची वाट तशी आधीच आखलेली होती. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने लंडनहून आशियामार्गे ऑस्ट्रेलिया गाठून १९७३मध्ये एक लहानशी मार्गदर्शिका काढली; आशिया स्वस्तात ओलांडण्याची ती पुस्तिका होती आणि 'स्वस्त' हा शब्द तिच्या शीर्षकातच होता. मुआंग न्गोयमध्ये त्या पहिल्या वर्षांत वेळूच्या भिंतींची, झावळ्यांच्या छपराची खोली दिवसाला डॉलरभराच्या आसपास मिळे. ओसरीला झोळणा टांगलेला असे. संध्याकाळचे दोन-तीन तास जनित्र चाले, मग अंधार. तेथे आलेले लोक दोन दिवसांसाठी येत आणि पंधरा दिवस राहत. त्यांनी लिहिलेल्या वर्णनांत एक वाक्य हमखास असते : येथे काळ थांबला आहे.

काळ तेथे थांबला नव्हता, हे सांगणाऱ्या वस्तू त्याच ओसरीवर होत्या. गावातील कुंपणांचे खांब, फुलझाडांच्या कुंड्या, धान्यकोठारांचे पाये यांसाठी वापरलेली लोखंडी नळकांडी म्हणजे अमेरिकन बॉम्बची कवचे होत. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत लाओसवर सुमारे ५,८०,००० विमानफेऱ्यांतून वीस लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला गेला. गुच्छबॉम्बमधून विखुरलेल्या लहान बॉम्बगोळ्यांची संख्या सत्तावीस कोटींच्या घरात मानली जाते, आणि त्यांतले सुमारे तीस टक्के फुटलेच नाहीत. ते अजून शेतांत आहेत. नोंग ख्यावजवळच्या फा तोक गुहांत लोक वर्षानुवर्षे राहिले, प्रांताचा कारभार तेथूनच चाले, बँकेसाठी वेगळी गुहा होती. त्या काळात शेती रात्री करावी लागे. अशा गावात, ज्या देशाची विमाने येऊन गेली त्या देशाचा तरुण तीस वर्षांनी येतो, चिकट भाताची वेळूची करंडी त्याच्यापुढे सरकवली जाते, आणि कोणी काही विचारत नाही. या आतिथ्याला क्षमा म्हणावे की केवळ सवय, हे बाहेरच्याने ठरवू नये. परंतु ज्याला 'थांबलेला काळ' म्हणून वाखाणले जाते ती इतिहासाने कोसळवलेली आणि कष्टाने पुन्हा उभी केलेली व्यवस्था असते, एवढे तरी या कुंपणांवरून समजायला हवे. संथ प्रवाशाची अडचण अशी की ते समजायला लागणारा वेळ त्याच्याजवळ असतो. म्हणून न समजण्याची सबब त्याला उरत नाही.

संथपणाचा प्रश्न नदीच्या पुढच्या इतिहासाने अधिक टोकदार केला. २०१२ ते २०२१ या काळात नाम ऊवर एका चिनी कंपनीने एकापाठोपाठ एक अशी सात धरणे बांधली. त्यांची एकत्रित वीजक्षमता सुमारे १,२७० मेगावॅट आहे. शेजारी देशांना वीज विकून आग्नेय आशियाची विद्युत्पेटी व्हायचे, हे लाओस सरकारचे जाहीर धोरण आहे. अखंड वाहणारी नदी सात जलाशयांच्या पायऱ्यांत विभागली गेली. किनाऱ्यावरची अनेक गावे हलवली गेली. काठावरच्या गाळात उन्हाळी भाजीपाला पिकवण्याची जुनी सोय बुडाली. लुआंग प्रबांगहून वर जाणारी होडीची वाट तुटली, आणि आता नोंग ख्याव ते मुआंग न्गोय हा तासाभराचा टप्पा हीच त्या लांब जलमार्गाची मुख्य आठवण राहिली आहे. ३ डिसेंबर २०२१ रोजी चीनच्या सीमेवरील बोतेनपासून राजधानी व्हिएन्तियानपर्यंतची रेल्वे सुरू झाली. जो प्रवास मेकाँगवर ह्वे सायपासून पाक बेंगला मुक्काम करून दोन दिवसांत होई, त्याच्या शेजारून आता गाडी काही तासांत जाते.

या घटनांबद्दल संथ प्रवाशाच्या मनात शोक आहे, आणि तो खोटा नाही. परंतु या शोकाचे दोन भाग वेगळे करून पाहायला हवेत. नदीकाठच्या शेतकऱ्याला धरणाचे दुःख आहे ते शेताचे, माशांचे, पूर्वजांच्या जागेचे. होडी गेली याचे दुःख त्याला तितके असेलच असे नाही. अडलेल्या बाळंतिणीला होडीने दोन दिवस नेणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला रस्ता हवाच असतो. वीज आली तेव्हा मुआंग न्गोयमधील कोणी जनित्राच्या अंधारासाठी रडले नसेल. संथपणा प्रवाशाने निवडलेला होता. गावकऱ्याच्या तो वाट्याला आलेला होता. एकाच होडीत दोघे शेजारी बसलेले असत, आणि एकाने त्या प्रवासाला ध्यान म्हटले, तर दुसऱ्याचा त्यात दिवस बुडत होता. दुसऱ्याच्या अभावाला आपले सौंदर्य मानणे ही गोष्ट वसाहतकाळापासून चालत आली आहे, आणि संथ प्रवासी, स्वतःला वसाहतवादाचा विरोधक समजत असूनही, तिच्यापासून सुटत नाही. याउलट, वेगाने जाणाऱ्याला गावकऱ्याच्या दुःखाचे हे दोन भाग वेगळे आहेत हे कळण्याची शक्यताच नसते, हेही मान्य केले पाहिजे. गाडीच्या खिडकीतून धरणही सुंदर दिसते. आठ दिवस राहिलेल्या माणसाला पाणी कोण आणते, कोणत्या घरातला मुलगा थायलंडला मजुरीला गेला आहे, कोणाच्या शेताला नुकसानभरपाई मिळाली आणि कोणाच्या नाही, हे ऐकू येऊ लागते. संथपणाने ज्ञान मिळते, याविषयी वाद नाही. ते ज्ञान मिळवताना ज्याचा वेळ खर्च होतो, तो मात्र प्रवाशाच्या हिशेबात क्वचितच धरलेला असतो.

हिशेब म्हटला की काटकसरीकडे वळावे लागते, आणि येथे या प्रवाशाची बाजू सर्वांत लंगडी पडते. 'स्वस्त' हा शब्द नेहमी अर्धवट असतो. स्वस्त कोणासाठी, आणि कोणाच्या जिवावर? लाओसचे चलन कीप २०२१च्या अखेरीस डॉलरला सुमारे अकरा हजार होते. २०२३च्या अखेरीस ते वीस हजारांच्या पलीकडे गेले. त्याच काळात देशातली महागाई वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात पोचली होती, आणि २०२२मध्ये इंधनासाठी लोक रांगा लावून उभे होते. त्या दिवसांत लाओस अधिकच स्वस्त झाल्याची आनंदवार्ता प्रवासी एकमेकांना कळवत होते. वार्ता खरी होती. खोलीचे भाडे डॉलरमध्ये निम्म्यावर आले होते. खोलीच्या मालकिणीला खत, तेल आणि औषधे मात्र त्याच पडलेल्या कीपमध्ये विकत घ्यायची होती. अशा वेळी आणखी पाच हजार कीप कमी करण्यासाठी घासाघीस करणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. बहुधा तो स्वतःला गरीब समजत असतो. त्याच्या खिशात पैसे मोजके असतात, ते सहा महिने पुरवायचे असतात. पण सहा महिने काम न करता राहू शकणे ही कोणत्याही समाजात गरिबीची खूण नव्हे.

खरोखर गरीब प्रवाशांची परंपरा आशियाला परकी नाही, आणि तिच्याशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरच्या कर्जाच्या ओझ्यापायी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. बंडाळीत सापडून, झांशीचा पाडाव पाहून, लुबाडले जाऊन ते परतले. कमाईत उरली ती आईवडिलांच्या स्नानासाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड. वाटेत त्यांनी ज्यांचे अन्न खाल्ले त्यांना त्याबदल्यात मंत्र, आशीर्वाद, पुण्य असे काही मिळत होते. निदान देणारा तसे मानत होता. राहुल सांकृत्यायन १९२९मध्ये वेष पालटून तिबेटात शिरले, तेव्हा पैशांचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. परंतु भाषा होती, विद्या होती, आणि हरवलेल्या संस्कृत पोथ्या शोधण्याचे काम होते. त्यांनी पुढे हिंदीत भटकंतीचे शास्त्रच लिहिले, आणि त्यात स्वावलंबनाला व हातातील शिल्पकलेला स्वतंत्र स्थान दिले. भटक्याने लोकांवर भार होऊ नये, त्यांच्या उपयोगी पडेल असे काही त्याच्याजवळ असावे, हा त्यामागचा विचार. (राहुलजींची भटकंतीवरची श्रद्धा इतकी उत्कट होती की त्यांना घरात बसलेला मनुष्य थोडा अपुराच वाटे, ती अतिशयोक्ती त्यांना शोभते.) भिक्षूचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. लुआंग प्रबांगच्या रस्त्यांवर रोज पहाटे भगव्या चीवरांची रांग निघते आणि गुडघे टेकून बसलेल्या स्त्रिया प्रत्येक पात्रात चिकट भाताचा लहान घास ठेवतात. घेणारा तेथे याचक नसतो, देणाऱ्याला पुण्यसंचयाची संधी देणारा असतो. म्हणून आभार मानायचे ते देणाऱ्याने. त्या रांगेसमोर वाकून छायाचित्रे घेणाऱ्यांची आता इतकी गर्दी होते, की अंतर राखा अशा सूचना लावाव्या लागल्या आहेत. प्रवाशाजवळ ना मंत्र आहे, ना पोथीचे काम, ना भिक्षापात्र. त्याच्याजवळ पैसे आहेत, आणि ते शक्य तितके कमी द्यायचे, हे त्याचे व्रत आहे.

यावर उत्तर म्हणून आतिथ्याला व्यवस्थेत बसवण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांतला एक उत्तर लाओसमध्येच आहे. लुआंग नामथा प्रांतात १९९९पासून नाम हा संरक्षित वनात युनेस्को आणि लाओसचे पर्यटन खाते यांनी एक प्रकल्प चालवला. डोंगरातील गावांत जायचे ते स्थानिक वाटाड्याबरोबर, लहान गटाने; मिळकतीचा वाटा गावाच्या सामाईक निधीत; पाहुण्यांची संख्या मर्यादित. दिसायला हे रुक्ष आहे, आणि दोन-चार घरांच्या औदार्याला दरपत्रक लावल्यासारखे वाटते. परंतु स्मृतिकाराने एका रात्रीची रेघ ओढली तेव्हा त्यानेही हेच केले होते. यजमानाचे दार सताड उघडे राहावे यासाठी त्याला कडी असावी लागते. गंमत अशी की एकट्या, काटकसरी प्रवाशाला ही व्यवस्था महाग पडते. वाटाड्याचा खर्च गटात वाटला जातो, एकट्याला तो सगळा भरावा लागतो. मग तो वाटाड्याशिवाय, पायवाटेने, पुढच्या गावात जातो. तेथे नायबान म्हणजे गावप्रमुख त्याला रीतीप्रमाणे कोणाच्या तरी घरी उतरवतो. आणि सकाळी तो 'अस्सल' अनुभव घेतल्याचे समाधान घेऊन निघतो. त्या घरातील स्त्रीने त्याच्यासाठी कोंबडी कापली असेल, तर ती विकायची होती की सणासाठी राखली होती, हे त्याला कळत नाही.

त्रयीतला तिसरा भाग, एकटेपणा, हा मात्र इतक्या सहज निकालात काढण्याजोगा नाही. एकटा माणूस ज्या अर्थाने पाहुणा होऊ शकतो, त्या अर्थाने गट होऊ शकत नाही. गटाला सोय लागते; एकट्याला माणूस लागतो. ताप आला, वाट चुकली, होडी चुकली, की त्याचे सगळे स्वातंत्र्य गळून पडते आणि तो अनोळखी लोकांच्या हाती जातो. लाओ लोकांत अशा माणसासाठी एक विधी आहे. मनुष्याच्या देहात बत्तीस 'ख्वान', बत्तीस प्राणरक्षक शक्ती, राहतात. प्रवासात, आजारपणात, भीतीने त्या देह सोडून भरकटतात. मग वडीलधारी माणसे त्यांना हाका मारून परत बोलावतात आणि त्या पुन्हा जाऊ नयेत म्हणून मनगटाला पांढरा सुती दोरा बांधतात. हा बासी विधी लग्नात, बाळंतपणानंतर, घरचा माणूस दूर निघताना होतो, आणि पाहुण्यासाठीही होतो. दोरा निदान तीन दिवस तोडायचा नसतो. प्रवासी तो महिनोन्‌महिने मिरवतात, हे वेगळे. भटकणे हीच ज्याची प्रतिष्ठा, त्याला हा विधी सांगतो की भटकल्याने माणूस विखुरतो, आणि गोळा करण्याचे काम घरी बसलेल्यांनी करायचे असते. मराठीतला 'पाहुणा' हा शब्द संस्कृत 'प्राघुण'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'घूर्ण्', गरगरणे, भोवंडणे, हा धातू दाखवतात. गरगरणाऱ्याला धरून बसवणे, ही आतिथ्याची कल्पना दोन्ही भाषांना सुचली असावी.

हे धरून बसवणे कोणत्या हक्काने मागायचे? कांटने १७९५च्या शाश्वत शांतीवरील निबंधात या प्रश्नाला हात घातला आहे. पृथ्वी गोल आहे, तिच्यावर माणसे अमर्याद पांगू शकत नाहीत, कोणा एकाचा कोणत्याही जागेवर मुळात दुसऱ्याहून अधिक हक्क नाही. म्हणून परक्या भूमीवर आलेल्याला शत्रू न समजले जाण्याचा हक्क आहे. पण हा भेटीचा हक्क, पाहुणा म्हणून राहवून घेतले जाण्याचा नव्हे; त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. युरोपीय सत्तांनी भेटीच्या नावाखाली देश जिंकले, तेव्हा चीन आणि जपान यांनी दार लोटून घेतले ते शहाणपणाचेच केले, असेही तो बजावतो. कांटची ही विभागणी अजून उपयोगी आहे. परंतु तिच्या पायाशी एक समता गृहीत आहे, आणि ती आज नाही. गोल पृथ्वीवर जर्मन तरुण नाम ऊच्या काठी येऊ शकतो. नाम ऊच्या काठचा खमू तरुण जर्मनीत जाऊन कोणाच्या ओसरीवर पंधरा दिवस झोळण्यात पडू शकत नाही. त्याच्यापाशी ना पैसे, ना तो व्हिसा. तो परदेशी जातो ते थायलंडच्या बांधकामांवर आणि मासळीच्या कारखान्यांत, आणि तेथे त्याला पाहुणा म्हणत नाहीत. जुन्या आतिथ्यधर्माला अर्थ होता, कारण तो आळीपाळीचा होता : आजचा यजमान उद्या वाटेवर असणार, आणि त्याच्यासाठीही कोणीतरी चूल पेटवणार. मार्सेल मोसने १९२५मध्ये भेटवस्तूंवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की परत न करता आलेली देणगी घेणाऱ्याला खाली ठेवते. येथे उलटेच घडते. परतफेड न करणारा पाहुणा वरच राहतो, आणि यजमान खाली. स्वस्त, संथ, एकट्या प्रवासातला खरा दोष कोठे असेल तर तो येथे आहे. गैरवर्तनात नव्हे, कारण असे प्रवासी बहुधा सभ्य असतात, तर न फिरणाऱ्या या आळीत.

भारतीय प्रवाशाला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हरकत नसावी. तो या वाटेवर नवा आहे, आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाला तो पूर्वीपासून राहत आला आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्याच्या हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर जे तरुण महिनोन्‌महिने राहिले, त्यांच्या लेखी तेथेही काळ थांबलेलाच होता. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांना त्या थांबलेल्या काळाबद्दल काय वाटले, हे त्यांच्या आठवणींत फारसे उतरले नाही. आणखी एक योगायोग असा की लाओ भाषेत, थाई भाषेतही, पाहुण्याला 'खॅक' म्हणतात. आणि बोलीत 'खॅक' म्हणजेच भारताकडून आलेला परका, कापडाच्या दुकानातला व्यापारी. एकच शब्द पाहुण्यालाही आणि ज्याचे जाणे लांबले त्या परक्यालाही.

परतफेड लाओसमध्ये करता येत नाही, हे एकदा ध्यानात आले की प्रश्न जागा बदलतो. त्या घराची कोंबडी त्या घराला परत करता येणार नाही. पैसे पुरते द्यावेत, घासाघीस करू नये, गावच्या व्यवस्थेला वळसा घालू नये, ही किमान सभ्यता झाली. त्यापलीकडचे ऋण ज्या कोणाला फेडता येईल तो बहुधा प्रवाशाच्या स्वतःच्या गल्लीत, त्याच्या शेजारच्या जिन्यावर भाड्याची खोली विचारत उभा असतो. आसामात नाहरकटियाच्या परिसरात ताई फाके आणि अरुणाचलात नामसाईकडे ताई खामती हे समाज आहेत. त्यांच्या भाषा लाओच्या कुळातल्या. भातासाठीचा शब्द जवळजवळ तोच. विहार त्याच थेरवादी परंपरेचे. वेळूच्या नळीत शिजवलेला चिकट भात दोन्हीकडे. ईशान्येकडची हजारो मुले शिकायला आणि कामाला दिल्ली, बंगळूर, पुणे येथे येतात. २०१४मध्ये अरुणाचलच्या एका तरुणाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीने या मुलांच्या ज्या अडचणींची दखल घेतली, त्यांत राहायला घर मिळण्याची अडचण होती. त्याआधी, २००७मध्ये, दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्यांसाठी सूचनांची एक पुस्तिका काढली होती. वेळूचे आंबवलेले कोंब, अखुनी आणि तत्सम उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असे पाहावे, असा सल्ला तिच्यात होता. लुआंग प्रबांगमध्ये आंबवलेल्या माशांचे पादेक घालून लाओ स्वयंपाक शिकवणारे वर्ग चालतात. त्यांना परदेशी पाहुण्यांची गर्दी असते, आणि अलीकडे त्यांत दिल्ली-मुंबईचे लोकही असतात.